वेल्सची शाळा आणि वेल्सचा इतिहास : प्रस्तावना

ओवाइन ग्लिनदूरने इंग्लंडच्या राजाविरुद्ध बंड पुकारले त्याला साडेपाच वर्षे होऊन गेली होती. 1406च्या मार्च महिन्यात त्याने पेनाल या खेड्यातून फ्रान्सच्या सहाव्या चार्ल्स राजाला पत्र धाडले. फ्रान्स ज्या पोपला मानतो त्यालाच वेल्सही मानेल, असे त्याने या पत्रात कबूल केले आणि त्या बदल्यात आपल्या मागण्या मांडल्या. वेल्सचे चर्च इंग्लंडमधल्या कँटरबरीच्या आर्चबिशपच्या ताब्यातून मोकळे व्हावे, वेल्समधली धर्मपदे वेल्श भाषा जाणणाऱ्यांनाच मिळावीत, आणि वेल्समध्ये दोन विद्यापीठे निघावीत, एक उत्तरेत आणि एक दक्षिणेत. बंडाचा जोर ओसरत होता, फ्रान्सची मदत आटत चालली होती, आणि अशा वेळी हा माणूस विद्यापीठे मागत होता. पुढे बंड मोडले, ग्लिनदूर परागंदा झाला, त्याचे मरण कुठे झाले तेही कोणाला नक्की कळले नाही. वेल्समधले पहिले विद्यापीठीय कॉलेज अ‍ॅबरिस्टविथला निघाले ते 1872 साली, म्हणजे त्या पत्रानंतर साडेचारशेहून अधिक वर्षांनी.

वेल्सचा इतिहास सांगायला घेतला की तो फिरून फिरून शाळेपाशी येतो. राजे, लढाया, कोळसा, रग्बी, चॅपेलमधले समूहगान हे सारे त्यात आहेच. पण शाळेत कोणती भाषा चालेल आणि कोणाचा भूतकाळ शिकवला जाईल, हा प्रश्न तिथे जितका धगधगत राहिला तितका युरोपात थोड्याच ठिकाणी राहिला असेल. या प्रस्तावनेत मला मुख्यतः एक गोष्ट सांगायची आहे. वेल्सने आपली भाषा झगडून शाळेत परत आणली, पण इतिहास आणायला फार उशीर केला. आणि इतिहासावाचून शिकवलेली भाषा मुलाच्या हाती गुणपत्रिकेतला एक विषय म्हणून उरते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे चटकन उमगणार नाही, कारण आपल्याकडचे मूल चौथीतच शिवछत्रपतींच्या इतिहासाला लागते. शाळेत आपल्या भूमीचा इतिहास असतोच, हे आपण गृहीत धरलेले आहे. वेल्समध्ये पिढ्यान् पिढ्या मुले ट्यूडर राजांच्या राण्या मोजत आणि पुढे हिटलरची जर्मनी शिकत मोठी झाली, आणि शेजारच्या गावात कोणता लढा झाला ते मात्र त्यांना शाळेत कळले नाही.

आधीची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. 1282 साली लिवेलिन आप ग्रिफिद हा स्वतंत्र वेल्सचा शेवटचा राजपुत्र किल्मेरीजवळ मारला गेला आणि पहिल्या एडवर्डने देश जिंकला. 1536 आणि 1543च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेत पुरता सामावून घेतला गेला. पार्लमेंटात जागा मिळाल्या, पण न्यायालयाची भाषा इंग्रजी ठरली आणि इंग्रजी न वापरणाऱ्याला सरकारी पद बंद झाले. भाषा तिथेच संपायची, पण तिला तारले धर्माने. प्रजेला प्रॉटेस्टंट करायचे तर तिच्या भाषेत बायबल हवे, असा हिशेब राणी एलिझाबेथच्या दरबाराने केला आणि 1588 साली विल्यम मॉर्गन यांचे संपूर्ण वेल्श बायबल छापून निघाले. ज्या भाषेला कचेरीत जागा नव्हती तिला देवळात जागा मिळाली.

अठराव्या शतकात कार्मार्दनशरमधल्या लानडावरोर गावचे धर्मगुरू ग्रिफिथ जोन्स यांनी या बायबलाच्या आधारावर जे केले ते मला वेल्सच्या साऱ्या इतिहासात सर्वांत विलक्षण वाटते. त्यांनी फिरत्या शाळा काढल्या. शेतीची कामे कमी असतात त्या हिवाळ्याच्या दिवसांत शिक्षक एखाद्या गावात साधारण तीन महिने मुक्काम करी, चर्चमध्ये नाहीतर कोणाच्या खळ्यात वर्ग भरे, दिवसा मुले आणि रात्री दमून आलेले मजूर वाचायला शिकत, आणि मग शिक्षक पुढच्या गावाला जाई. शिकवायचे ते फक्त वाचन, आणि तेही मुलाच्या घरच्या भाषेत. इंग्रजीतून धडे दिले तर वाचन यायला वर्षे लागतात आणि गरिबाकडे वर्षे नसतात, हे जोन्स यांनी ओळखले होते. 1761 साली ते वारले तोवर या शाळांत सुमारे दोन लाख माणसे वाचायला शिकली होती. तेव्हा वेल्सची सगळी लोकसंख्या पाच लाखांच्या आतबाहेर होती. सरकारचा एक पैसाही त्यात नव्हता. त्यांच्यामागे ब्रिजेट बेव्हन या बाईंनी हे काम 1779पर्यंत चालवले. त्यानंतर रविवारच्या शाळा आल्या, आणि त्यांत आजोबा आणि नातू एकाच बाकावर बसून वेल्श वाचत.

एवढ्या साक्षर देशाला शंभर वर्षांच्या आत अडाणी ठरवले गेले. 1831 साली मर्थरमध्ये कामगारांचा उठाव झाला, 1839 साली न्यूपोर्टमध्ये मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्टांवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्याच सुमारास शेतकऱ्यांनी रस्त्यांवरचे टोलनाके फोडले. हे लोक आपल्याला न कळणाऱ्या भाषेत काय खलबते करतात, ही धास्ती लंडनमध्ये होती. 1846 साली विल्यम विल्यम्स या खासदाराने वेल्समधल्या शिक्षणाची चौकशी करण्याची मागणी पार्लमेंटात केली. ते स्वतः वेल्श होते, निवडून आले होते मात्र इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतून. आपल्या लोकांना इंग्रजी यावे आणि त्यांची भरभराट व्हावी, ही त्यांची इच्छा प्रामाणिक होती. चौकशीसाठी नेमले गेले लिंगन, सायमन्स आणि जॉन्सन हे तीन तरुण इंग्रज वकील. तिघांनाही वेल्श येत नव्हते, तिघेही अँग्लिकन होते आणि वेल्समधली बहुतेक जनता अँग्लिकन चर्चबाहेरच्या पंथांच्या चॅपेलला जाणारी होती. त्यांनी साक्षी घेतल्या त्या प्रामुख्याने अँग्लिकन धर्मगुरूंच्या.

1847 साली निळ्या वेष्टणातले तीन खंड प्रसिद्ध झाले. शाळांची स्थिती वाईट आहे, इमारती गळक्या आहेत, शिक्षक अप्रशिक्षित आहेत, असे त्यांत लिहिले होते, आणि त्यातले पुष्कळसे खरे होते. पण मुलांना एक शब्द कळत नसलेल्या इंग्रजीतून शिकवले जाते आणि म्हणून ती मख्ख बसून राहतात, हे समोर दिसत असूनही आयुक्तांनी दोष मुलांच्या भाषेला दिला. शाळेवरच ते थांबले नाहीत. वेल्श भाषा ही प्रगतीतली धोंड आहे, हे लोक खोटे बोलतात, त्यांच्या स्त्रिया शिथिल चालीच्या आहेत, रात्रीच्या प्रार्थनासभांतून अनाचार होतो, असे सरकारी अहवालात छापले गेले. देश संतापला. 1854 साली आर. जे. डेर्वेल यांच्या नाटकाने या प्रकरणाला 'निळ्या पुस्तकांचा विश्वासघात' हे नाव दिले आणि ते कायमचे चिकटले. इएवान ग्विनेद या तरुण पत्रकाराने अहवालाला मुद्देसूद उत्तरे लिहिली, आणि स्त्रियांवरचा कलंक पुसण्यासाठी 1850 साली खास स्त्रियांसाठी वेल्श मासिक काढले. दोनच वर्षांनी, वयाची बत्तीस वर्षे पुरी होण्याआधीच, तो वारला.

संतापाबरोबर लाजही आली, आणि माझ्या मते या अहवालाचा खोल परिणाम तो आहे. आपल्याविषयी जे छापून आले ते खोटे आहे असे म्हणतानाच वेल्श मध्यमवर्ग आपण कसे सभ्य, कसे राजनिष्ठ, कसे इंग्रजीत पारंगत आहोत, हे सिद्ध करण्याच्या मागे लागला. आईबापांनाच वाटू लागले की घरची भाषा घरी ठीक आहे, शाळेत नको.

'वेल्श नॉट' समजून घ्यायची तर ही मनःस्थिती आधी लक्षात घ्यावी लागते. ही लाकडाची एक छोटी पट्टी. तिच्यावर 'डब्ल्यू. एन.' ही अक्षरे कोरलेली आणि गळ्यात अडकवायला दोरी. शाळेत वेल्श बोलताना सापडलेल्या पहिल्या मुलाच्या गळ्यात मास्तर ती घालत. त्या मुलाने कान टवकारून बसायचे आणि दुसरे कोणी वेल्श बोलले की ती त्याच्या गळ्यात घालायची. दिवस संपताना ज्याच्या गळ्यात पट्टी असेल त्याच्या हातावर छडी. सेंट फेगन्सच्या इतिहास संग्रहालयात अशी एक पट्टी आहे. मास्तरांना काहीच करावे लागत नसे. मुलेच एकमेकांवर पाळत ठेवत. पुढे शाळा तपासनीस झालेले ओ. एम. एडवर्ड्स लानूखलिनच्या शाळेत शिकले, आणि तिथे त्यांच्याही गळ्यात ही पट्टी पडली. पुढे आठवणी लिहिताना छडीपेक्षा याच गोष्टीची चीड त्यांनी अधिक व्यक्त केली. सुटकेसाठी सोबत्यावर नजर ठेवायला मुलाला शिकवणे, हे त्यांना मूळ चारित्र्यावरच घाव घालण्यासारखे वाटले.

ही पट्टी लंडनच्या कोणत्याही कायद्याने आलेली नव्हती, हे मुद्दाम सांगतो, कारण लोकांच्या बोलण्यात नेमके उलटे रूढ आहे. निळ्या पुस्तकांतही तिची नोंद आहे आणि ती नापसंतीची आहे. सगळ्या शाळांत ती नव्हती. जिथे होती तिथे ती बहुधा वेल्श मास्तरांनीच आणली, आणि पालकांची तिला संमती असे. सरकारने केले ते वेगळे आणि अधिक परिणामकारक होते. 1862च्या नियमांप्रमाणे मुले तपासनीसापुढे वाचन, लेखन आणि गणितात उत्तीर्ण झाली तरच शाळेला अनुदान मिळे, आणि त्यात वेल्शला शून्य किंमत होती. ज्या विषयाला पैसा नाही तो शिकवायचा कोणी? शाळेत इंग्रजांच्या क्रौर्याची एक सोपी गोष्ट म्हणून 'वेल्श नॉट' शिकवली जाते, तेव्हा मुलांना राग येतो, पण माणूस स्वतःच्याच भाषेचा पहारेकरी कसा होतो ते कळत नाही. कळायला हवे ते हेच.

एडवर्ड्स पुढे ऑक्सफर्डला गेले, परतले, 1892 साली मुलांसाठी वेल्श मासिक सुरू केले आणि 1907 साली वेल्सचे मुख्य शाळा तपासनीस झाले. ज्याच्या गळ्यात पट्टी होती तोच आता शाळांत जाऊन मास्तरांना वेल्श शिकवायला सांगू लागला. दरम्यान अ‍ॅबरिस्टविथचे कॉलेज उभे राहिले होते. समुद्रकाठच्या एका बुडीत निघालेल्या हॉटेलच्या इमारतीत ते 26 विद्यार्थ्यांनिशी सुरू झाले आणि चॅपेलाचॅपेलांतून जमवलेल्या पेन्यांवर तगले. बँगरच्या कॉलेजासाठी पाटीच्या दगडाच्या खाणींत राबणाऱ्यांनी आपल्या मजुरीतून वर्गणी दिली. एडवर्ड्स यांचे चिरंजीव इवान यांनी 1922 साली वेल्श मुलांची 'इर्ध' ही युवक संघटना स्थापली. 1939च्या सप्टेंबरमध्ये युद्धामुळे लिव्हरपूलची मुले अ‍ॅबरिस्टविथला आणली गेली आणि शाळा इंग्रजीने भरून गेल्या, तेव्हा त्यांनीच 'इर्ध'च्या इमारतीत वेल्श माध्यमाची पहिली प्राथमिक शाळा काढली. मुले सात आणि शिक्षिका एक, नोरा आयझॅक. आज वेल्समध्ये वेल्श माध्यमाच्या शेकडो शाळा आहेत. त्यांची वंशावळ या सात मुलांपर्यंत जाते.

तोवर भाषा मात्र ओसरत होती. 1901च्या जनगणनेत जवळपास निम्मा देश वेल्श बोलत होता. 1981पर्यंत हे प्रमाण 18.9 टक्क्यांवर आले. 1962च्या फेब्रुवारीत नाटककार साँडर्स लुइस यांनी बीबीसीच्या रेडिओवरून भाषेच्या भवितव्याविषयी व्याख्यान दिले आणि त्यातून तरुणांची भाषा चळवळ उभी राहिली. रस्त्यांवरच्या इंग्रजी पाट्या रंगवल्या गेल्या, तरुण तुरुंगात गेले. याच काळात बाला गावाजवळच्या त्रवेरिन खोऱ्यात कापेल केलिन हे वेल्श बोलणारे गाव बुडत होते. लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी तिथे धरण बांधायचा कायदा 1957 साली पार्लमेंटात मंजूर झाला. वेल्सच्या 36 खासदारांपैकी एकानेही त्याच्या बाजूने मत दिले नाही. तरी तो झाला. शाळा, चॅपेल, टपाल कचेरी, घरे, सगळे 1965 साली पाण्याखाली गेले. लानरिस्टिडजवळच्या एका पडक्या भिंतीवर कोणीतरी दोन वेल्श शब्द रंगवले, त्यांचा अर्थ: 'त्रवेरिन विसरू नका.' तो कोणीतरी म्हणजे पुढे कवी आणि संपादक म्हणून नाव कमावलेले माइक स्टीव्हन्स. 2019 साली त्या भिंतीचा भाग पाडला गेला तेव्हा लोकांनी ती पुन्हा रचली आणि वेल्सभर भिंतींवर ते दोन शब्द उमटले. रंगवणाऱ्यांतल्या अनेकांना हा इतिहास भिंतीने शिकवला, शाळेने नाही.

1990पासून वेल्श हा सगळ्या शाळांत सक्तीचा विषय होत गेला आणि 1999पासून तो सोळाव्या वर्षापर्यंत सक्तीचा आहे. त्याच वर्षी कार्डिफला स्वतःचे विधिमंडळ आले आणि शिक्षण वेल्सच्या हाती आले. इतिहासाच्या अभ्यासक्रमातही नव्वदीच्या दशकात वेल्सला वेगळी जागा मिळाली होती, पण ती कागदावर अधिक होती. परीक्षेच्या वर्षांत शिक्षक जर्मनी आणि अमेरिका निवडत, कारण पाठ्यपुस्तके, नमुना प्रश्न, सारे त्यांचे तयार मिळे. 2013 साली डॉ. एलिन जोन्स यांच्या अध्यक्षतेखालच्या गटाने यावर बोट ठेवले. 2021 साली एस्टिन या शाळा तपासणी संस्थेनेही नोंदवले की निम्म्याहून अधिक शाळांत मुलांचे वेल्सच्या इतिहासाचे ज्ञान तोकडे आहे. त्याच वर्षीच्या जनगणनेत वेल्श बोलणारे 17.8 टक्क्यांवर उतरले, आणि 5 ते 15 या शाळकरी वयोगटात हे प्रमाण दहा वर्षांत 40.3वरून 34.3 टक्क्यांवर आले. 2050पर्यंत दहा लाख वेल्श भाषक हे सरकारचे उद्दिष्ट आहे. घसरणीची कारणे अनेक असतील. पण ही भाषा आपल्यापर्यंत कशी पोचली, कोणी काय सोसले, हे ज्याला माहीत नाही त्या मुलाने ती शाळा सुटल्यावर का बोलावी, याचे उत्तर नुसत्या व्याकरणाच्या तासातून मिळत नाही.

2022च्या सप्टेंबरपासून वेल्सने नवा अभ्यासक्रम आणला. 'कनेविन' ही त्यातली मध्यवर्ती कल्पना: मूल जिथे वाढते ती जागा, तिथली माणसे, तिथला भूतकाळ, आणि तिथून बाहेर जगाकडे. शाळेने आपल्या परिसरातून सुरुवात करावी, काय शिकवायचे ते शिक्षकांनी ठरवावे. वेल्सचा इतिहास सक्तीचा करण्याची घोषणा 2021 साली झाली, पण कोणत्या घटना शिकवाव्यात याची यादी द्यायचे सरकारने टाळले. यावर तिथे अजून वाद चालू आहे. यादी आली की पाठांतर आले, असे एका बाजूचे म्हणणे. काही घटना सगळीकडे शिकवल्याच पाहिजेत, असे दुसऱ्या बाजूचे. मला ही दुसरी बाजू पटते.

मर्थरजवळच्या अबरव्हान गावाचे उदाहरण घ्या. 21 ऑक्टोबर 1966च्या सकाळी सव्वानऊच्या सुमारास डोंगरावर रचलेला खाणीचा कचरा घसरून पँटग्लासच्या शाळेवर आला. 116 मुले आणि 28 मोठी माणसे गेली. चौकशीत दोष राष्ट्रीय कोळसा मंडळाचा ठरला. तरीही उरलेले ढिगारे हलवण्याच्या खर्चासाठी लोकांनी जमवलेल्या मदतनिधीतून 1,50,000 पौंड घेतले गेले. ते परत मिळाले 1997 साली, व्याजाशिवाय. मर्थरच्या आसपासच्या शाळेत हा धडा 'कनेविन'मधून आपोआप येईल. पण उत्तरेतल्या रेक्सममधल्या मुलाला तो कोण शिकवणार? आणि दक्षिणेतल्या मुलाला त्रवेरिन? शिक्षक जाणता असला तर शिकवील. देशाचा इतिहास अशा योगायोगावर सोडू नये.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. सोसल्याचा इतिहास शिकवणे सोपे असते. दुसऱ्यांना सोसायला लावल्याचा इतिहासही शिकवायला हवा. बँगरजवळचा पेनरिन किल्ला आणि तिथल्या खाणी ज्या संपत्तीतून वाढल्या ती जमैकातल्या उसाच्या मळ्यांवरच्या गुलामांच्या श्रमातून आलेली होती. पाविस किल्ल्यात क्लाइव्ह घराण्याने हिंदुस्थानातून नेलेल्या वस्तू आहेत, टिपू सुलतानाच्याही. कार्डिफच्या गोदीत सोमाली, येमेनी, कॅरिबियन, भारतीय खलाशी वस्ती करून राहिले आणि 1919च्या जूनमध्ये त्यांच्यावर दंगलखोर चालून गेले. गोदीलगतच्या याच टायगर बे वस्तीतली बेटी कॅम्बेल ही हुशार मुलगी. शिक्षिका व्हायचे म्हणाली तेव्हा तुझ्यासारखीला ते झेपणार नाही असे तिला शाळेतच ऐकवले गेले. पुढे ती वेल्समधली पहिली कृष्णवर्णीय मुख्याध्यापिका झाली. 2021 साली कार्डिफच्या मध्यवर्ती चौकात तिचा पुतळा उभा राहिला. त्याच वर्षी प्राध्यापक शार्लट विल्यम्स यांच्या अहवालानंतर कृष्णवर्णीय आणि आशियाई समाजांचा इतिहास नव्या अभ्यासक्रमात अनिवार्य करायचे ठरले. ब्रिटनमध्ये हे आधी वेल्सने केले, आणि त्याबद्दल मला त्या छोट्या देशाचा मनापासून आदर वाटतो.

हिंदुस्थानाशी वेल्सचे नाते लुटीचे होते तसे अक्षरांचेही होते. निळी पुस्तके निघण्याच्या सहाच वर्षे आधी, 1841 साली, थॉमस जोन्स हे वेल्श मिशनरी चेरापुंजीला पोचले आणि खासी भाषा रोमन लिपीत लिहू लागले. वर्णमाला बसवली ती वेल्श वळणाने: आजही खासीत 'जी'नंतर 'एनजी' हे जोडअक्षर स्वतंत्र अक्षर म्हणून येते, थेट वेल्शसारखे. वेल्श राष्ट्रगीताच्या चालीवर खासी लोक स्वतःचे गीत म्हणतात. लंडनचे वकील वेल्श भाषा शिक्षणाला नालायक ठरवत होते, त्या वर्षांत मेघालयातली मुले त्याच भाषेच्या लेखनपद्धतीच्या आधारावर स्वतःच्या भाषेत वाचायला शिकत होती. वेल्समधल्या आणि मेघालयातल्या, दोन्हीकडच्या मुलांना हे शाळेत कळायला हवे.

वेल्श नावे पुढच्या पानांत उच्चाराच्या जमेल तितकी जवळ लिहिली आहेत. सुरुवातीला जीभ अडखळेल, पण ती लवकर सवयीची होतात. वेल्सचा नकाशा जवळ ठेवून वाचावे, कारण उत्तर आणि दक्षिण यांच्यामध्ये डोंगर आहेत आणि तिथला बराचसा इतिहास त्या डोंगरांनी घडवला आहे. शिक्षकांना माझी वेगळी विनंती आहे. तुम्ही हे वाचा, आणि 1847चा भाग घाईने ओलांडू नका. ग्रिफिथ जोन्स यांनी खळ्यात बसवून शिकवलेली माणसे आणि आयुक्तांना मख्ख वाटलेली मुले एकाच घरांतली होती. बदलली होती फक्त शिकवण्याची भाषा.